सॉल्ट क्लोरिनेटरचा सेल किती टिकतो आणि तो कसा टिकवावा: पुण्यातील पूलधारकांसाठी मार्गदर्शन

मिठावर चालणारे, म्हणजे पूलच्या खारट पाण्यातून विजेने क्लोरिन बनवणारे क्लोरिनेटर आता पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि मुळशी, पानशेतच्या बाजूच्या फार्महाउसवरही दिसू लागले आहेत. त्याबरोबर एक प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कमिटीच्या बैठकीत येतो: सेल (ज्या नळीत क्लोरिन बनते तो भाग) गेला आहे, नवा घ्यावा लागेल असे पूलवाला म्हणतो, तर जुना इतक्यात कसा गेला? या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर असे की चांगला सेल ३ ते ७ वर्षे चालतो. मात्र ३ आणि ७ यांत दुपटीहून अधिक अंतर आहे, आणि आपला सेल त्या अंतरात कोठे पडणार हे बहुतांशी आपल्याच हातात असते. खरेदीच्या वेळी निवडलेला आकार, भरलेले पाणी, मिठाचे प्रमाण आणि साफसफाईची पद्धत या चार गोष्टींवर ते ठरते. म्हणून हा लेख केवळ वर्षांचा आकडा सांगून थांबत नाही. आयुष्य कसे मोजावे, कसे वाढवावे, आणि सेल खरोखर संपला आहे की नाही याची खात्री नवा घेण्यापूर्वी कशी करावी, हे तो क्रमाने मांडतो.

सेलमध्ये नेमके झिजते काय

सेलच्या पारदर्शक किंवा पांढऱ्या नळीत टायटेनियमच्या पातळ प्लेटा एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात. टायटेनियम स्वतः या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण धन बाजूला जोडताच त्यावर वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. त्यामुळे प्लेटांवर रुथेनियम किंवा इरिडियम यांच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप चढवलेला असतो. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी हा लेप विकसित केला आणि त्यामुळे क्लोरिन बनवण्याचा सगळा उद्योगच बदलला. आपल्या पूलमधला सेल ही त्याच तंत्राची लहान आवृत्ती आहे. हे दोन्ही धातू प्लॅटिनमच्या गटातले आणि महाग आहेत.

खारट पाणी प्लेटांमधून जाताना धन प्लेटेवर क्लोराइडचे क्लोरिन होते आणि ऋण प्लेटेवर हायड्रोजन वायू व अल्कली तयार होते. क्लोरिन लगेच पाण्यात विरघळून जंतुनाशक हायपोक्लोरस आम्ल बनवते. आपले काम झाल्यावर त्याचे पुन्हा क्लोराइड होते, म्हणून मीठ संपत नाही. ते फक्त बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे), गळती, अंगाबरोबर बाहेर जाणारे पाणी आणि पावसाने ओसंडून जाणारे पाणी यांतून कमी होते. जो संपतो तो लेप. वीजप्रवाह वाहत असताना तो कणाकणाने झिजतो, आणि काही परिस्थितींत फार वेगाने झिजतो: पाण्यात मीठ कमी असताना, पाणी थंड असताना, प्लेटांवर क्षार बसलेले असताना आणि वारंवार ॲसिडमध्ये बुडवल्यावर. लेप गेला की उघडे पडलेले टायटेनियम वीज अडवते, व्होल्टेज वाढते, अँपिअर घटतात आणि क्लोरिन बनणे थांबते.

पायरी पहिली: आयुष्य तासांत आणि किलोत मोजावे

गाडीचा टायर जसा वर्षांवर नव्हे तर किलोमीटरवर झिजतो, तसाच सेल चालू राहिलेल्या तासांवर झिजतो. बहुतेक चांगल्या घरगुती सेलचे आयुष्य निर्माते सुमारे १०,००० तास गृहीत धरतात. स्वस्त सेलमध्ये हा आकडा बराच कमी असतो. पंप दिवसाला ८ तास चालत असेल आणि कंट्रोलरवर (सेलला वीज देणाऱ्या पॅनेलवर) १०० टक्के लावलेले असेल, तर सेल ८ तास काम करतो; ५० टक्के लावले असेल, तर त्याच वेळेत तो आळीपाळीने चालू-बंद होत ४ तासच काम करतो. पहिल्या स्थितीत १०,००० तास १,२५० दिवसांत, म्हणजे साधारण साडेतीन वर्षांत संपतात, आणि दुसऱ्या स्थितीत २,५०० दिवसांत, म्हणजे जवळजवळ सात वर्षांत. ३ आणि ७ या दोन आकड्यांचे मूळ येथे आहे.

आता याच हिशेबाला क्लोरिनच्या वजनाची जोड द्यावी. १ पीपीएम म्हणजे दर लिटरला १ मिलिग्रॅम. १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटरपेक्षा थोड्या कमी खोलीच्या सोसायटीच्या पूलमध्ये सुमारे १ लाख लिटर पाणी असते. त्याला उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम क्लोरिन लागत असेल तर ते ३०० ग्रॅम होते. ताशी २५ ग्रॅम देणारा सेल हे काम १२ तासांत करील आणि सव्वादोन वर्षांत संपेल. ताशी ५० ग्रॅम देणारा सेल तेच काम ६ तासांत करील आणि साडेचार वर्षे चालेल. पहिला सेल आयुष्यभरात २५० किलो क्लोरिन देतो, दुसरा ५०० किलो. म्हणून दोन कोटेशनची तुलना करताना सेलच्या किमतीला त्याच्या एकूण किलोंनी भागावे. प्रतिकिलो खर्च समोर आला की 'लहान सेल स्वस्त पडतो' हा समज बहुतेक वेळा टिकत नाही. माझा सल्ला असा आहे की पूलच्या लिटरसंख्येला जेमतेम पुरणारा सेल घेऊ नये. त्या क्षमतेच्या किमान दीडपट, आणि शक्य असल्यास दुप्पट क्षमतेचा घ्यावा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि पोहणाऱ्यांची गर्दी एकाच वेळी वाढते आणि जेमतेम सेल तेव्हा दिवसभर १०० टक्क्यांवर राहूनही मागे पडतो.

आपल्या कंट्रोलरवर चालू तासांची नोंद दिसत असेल, तर ती दर महिन्याला वहीत लिहून ठेवावी. दिसत नसेल, तर पंपाचे तास आणि लावलेली टक्केवारी यांचा गुणाकार पुरेसा आहे. ही नोंद नसलेल्या ठिकाणी सेल वेळेआधी गेला की वेळेवर, याचा निवाडा कोणालाच करता येत नाही आणि वॉरंटीचा दावाही कमकुवत होतो.

पायरी दुसरी: मीठ स्वतंत्रपणे मोजावे

बहुतेक घरगुती यंत्रांना ३,००० ते ३,५०० पीपीएम मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० पीपीएम असते, म्हणजे पूलचे पाणी समुद्राच्या दशांशाइतके खारट. काही यंत्रांची मर्यादा वेगळी असते, म्हणून आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. मीठ कमी पडले की ठरलेला वीजप्रवाह रेटण्यासाठी व्होल्टेज वाढते, धन प्लेटेवर क्लोरिनऐवजी ऑक्सिजन अधिक बनू लागतो आणि तो लेपाला घातक ठरतो. मीठ किंचित जास्त झाल्याने सेलचे तेवढे नुकसान होत नाही. फार जास्त झाले तर मात्र यंत्र स्वतः बंद पडते, आणि शिडी, दिवे व दगडी कडा यांना त्रास होतो.

हिशेब सोपा आहे: १,००० लिटर पाण्यात १ किलो मीठ म्हणजे १,००० पीपीएम. १ लाख लिटरच्या पूलमध्ये २,६०० वरून ३,२०० पीपीएमवर जायचे असेल, तर ६० किलो मीठ लागेल. मीठ शुद्ध, आयोडीन नसलेले आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थांपासून मुक्त असावे. मिठागरातले न धुतलेले खडे मीठ स्वस्त मिळते, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, माती आणि कधी लोहही असते. त्यातले कॅल्शियम थेट प्लेटांवर जाऊन बसते आणि लोहामुळे टाइल्सवर डाग पडतात. येथे वाचवलेले पैसे सेलच्या रूपाने परत द्यावे लागतात. मीठ घालताना सेल बंद आणि पंप चालू ठेवावा, तळाशी साचलेले मीठ ब्रशने हलवावे आणि ते पूर्ण विरघळून पाणी सगळीकडे एकसारखे होईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, सेल सुरू करू नये.

या पायरीत एक सापळा आहे आणि त्यात अनेक जण अडकतात. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारा मिठाचा आकडा बहुतेक यंत्रांत मिठाचे थेट मोजमाप नसतो. वीजप्रवाह, व्होल्टेज आणि तापमान यांवरून काढलेला तो अंदाज असतो. सेल म्हातारा झाला की वीजप्रवाह घटतो आणि यंत्राला वाटते की मीठच कमी आहे. केअरटेकर एक पोते टाकतो, आकडा हलत नाही, म्हणून तो दुसरे टाकतो, आणि पाणी ५,००० पीपीएमपर्यंत पोहोचते. सेल मात्र होता तेथेच राहतो. त्यामुळे पोते उघडण्यापूर्वी मिठाच्या टेस्ट स्ट्रिपने किंवा क्षारमापकाने स्वतंत्र मोजणी करावी. साधा टीडीएस मीटर वापरायचा असेल, तर तो पाण्यातले सगळेच क्षार धरतो हे ध्यानात ठेवून भरलेल्या मूळ पाण्याचा टीडीएस त्यातून वजा करावा.

पायरी तिसरी: पुण्याच्या पाण्यातील क्षार

पुण्यात सेल अकाली जाण्याचे सर्वांत मोठे कारण मला विचारले, तर मी टँकर आणि बोअरचे पाणी हेच सांगेन. खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी तुलनेने मृदू आहे. दख्खनच्या बसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी मात्र पुष्कळदा जड असते, आणि वाघोली, उंड्री, बाणेर, हिंजवडी अशा टँकरवर विसंबणाऱ्या भागांत पूलमध्ये बहुधा तेच पडते. शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन होते तेव्हा पाणी उडून जाते आणि कॅल्शियम मागे राहते. त्यावर पुन्हा जड पाण्याची भर पडते, आणि तीन-चार महिन्यांत कडकपणा चढत जातो.

ऋण प्लेटेजवळ अल्कली तयार होत असल्याने तेथील पीएच पूलच्या पीएचपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून टाइल्सवर क्षाराचा मागमूस नसतानाही सेलमध्ये पांढरा थर बसू शकतो. पाण्याची क्षार सोडण्याची प्रवृत्ती लँजेलिअर निर्देशांकावरून कळते. त्याची सोपी रीत अशी: पीएच, तापमानाचा अंक, कॅल्शियम कडकपणाचा अंक आणि अल्कतेचा (पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचा) अंक यांची बेरीज करावी आणि ३,००० पीपीएमच्या आसपासच्या खारट पाण्यासाठी त्यातून १२.३५ वजा करावे. २९ अंश सेल्सिअसला तापमानाचा अंक ०.७ असतो, कॅल्शियम २५० पीपीएम असेल तर अंक २.० आणि ४०० असेल तर २.२, अल्कता ८० असेल तर १.९ आणि २०० असेल तर २.३.

जड पाण्याने भरलेला एखादा पूल घेऊ, ज्याचा पीएच ७.८, कॅल्शियम ४०० आणि अल्कता २०० आहे. बेरीज १३.० होते आणि निर्देशांक अधिक ०.६५ येतो; अशा पाण्यात सेलवर काही आठवड्यांत थर दिसेल. आता पीएच ७.५, कॅल्शियम २५० आणि अल्कता ८० असलेला पूल पाहू: निर्देशांक उणे ०.२५ येतो, सेल दीर्घकाळ स्वच्छ राहतो आणि टाइल्समधील सिमेंटलाही धोका नसतो. मिठाच्या पूलसाठी शून्य ते उणे ०.३ ही पट्टी चांगली आहे. त्याहून खाली गेल्यास पाणी सिमेंटमधून कॅल्शियम ओढू लागते. म्हणून केवळ धरणाचे मृदू पाणी भरलेल्या टाइल्सच्या पूलमध्ये उलट कॅल्शियम वाढवून किमान २०० पीपीएमपर्यंत न्यावे लागते.

यांतील पीएच आणि अल्कता ॲसिडने कमी करता येतात. मिठाच्या पूलमध्ये हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत राहतात आणि पीएच सतत वर चढतो. अल्कता ६० ते ८० पीपीएमवर ठेवली की हा चढ बराच मंदावतो. एकदा चढलेले कॅल्शियम मात्र रसायनाने सहज उतरत नाही, त्यासाठी पाणी बदलावेच लागते. येथे पुण्याचा पावसाळा फार उपयोगी पडतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की बॅकवॉशच्या निमित्ताने पूलची पातळी हळूहळू उतरवावी आणि पावसाला ती भरू द्यावी. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते. ते फुकट मिळते आणि टँकरच्या पाण्याहून कितीतरी चांगले असते. मात्र मोकळ्या जमिनीत भूजल वर आले असताना पूल पूर्ण रिकामा करू नये, कारण खालून येणाऱ्या दाबाने तळ उचलला जाण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो.

पायरी चौथी: सेलवरचे काम कमी करावे

भर उन्हात, संरक्षक नसलेल्या पाण्यातील निम्मे क्लोरिन तासाभरात नष्ट होते. सायन्युरिक आम्ल, ज्याला पूलवाले नुसते स्टॅबिलायझर म्हणतात, ते हे नुकसान मोठ्या प्रमाणात थांबवते. उघड्यावरच्या बंगल्याच्या पूलमध्ये ते ६० ते ८० पीपीएम ठेवावे. मोठी वर्दळ असलेल्या सोसायटीच्या पूलमध्ये मी ४० ते ५० पीपीएमवर थांबणे पसंत करीन, कारण त्याचे प्रमाण वाढले की क्लोरिनचा जंतूंवरील परिणाम संथ होतो. छताखालच्या पूलला त्याची गरज नसते. १ लाख लिटरला ५० पीपीएमसाठी ५ किलो लागते. त्याची पावडर कापडी पिशवीत घालून पाण्याच्या झोतासमोर टांगावी, कारण ती फार सावकाश विरघळते.

मघाच्या हिशेबात यामुळे रोजची गरज ३ वरून २ पीपीएमवर आली, तर ताशी ५० ग्रॅमच्या सेलला ६ ऐवजी ४ तास चालावे लागेल आणि साडेचार वर्षांचे आयुष्य सात वर्षांकडे सरकेल. इतक्या स्वस्तात एवढा मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. मुक्त क्लोरिनचे (जंतू मारायला अजून शिल्लक असलेल्या क्लोरिनचे) प्रमाण स्टॅबिलायझरच्या सुमारे ५ टक्के राहील एवढी टक्केवारी कंट्रोलरवर लावावी. ५० पीपीएमला २.५ पीपीएम क्लोरिन. केअरटेकर मदतीला म्हणून टीसीसीएच्या (एका प्रकारच्या क्लोरिनच्या) गोळ्या वापरत असेल, तर त्या प्रत्येक वेळी स्टॅबिलायझरही वाढवतात, हे त्याला समजावून सांगावे.

पाणी हिरवट झाले किंवा रविवारी पूल तुडुंब भरला, की कंट्रोलरवरचे बूस्टचे बटण दाबण्याचा मोह होतो. सेलला २४ तास पूर्ण ताकदीने चालवणे हा क्लोरिन मिळवण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. अशा वेळी कॅनमध्ये मिळणारे द्रव क्लोरिन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, संध्याकाळी घालावे आणि सेलला रोजच्या देखभालीपुरतेच ठेवावे.

पायरी पाचवी: सेल उघडून पाहणे आणि गरज असेल तरच ॲसिड

दर तीन महिन्यांनी, आणि जड पाण्याच्या पूलमध्ये दर महिन्याला, सेल उघडून पाहावा. प्रथम पंप आणि क्लोरिनेटरचा एमसीबी बंद करावा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करावेत, केबल काढावी, पाण्याच्या दिशेचा बाण लक्षात ठेवावा आणि मग युनियन (पाइपचे फिरवून सुटणारे जोड) सोडवावेत. नळी उजेडाकडे धरून प्लेटांमधून पाहिले की सगळे कळते. प्लेटा गडद करड्या आणि स्वच्छ असतील, तर काहीही न करता सेल परत बसवावा. पाने, केस किंवा वाळूचे कण अडकले असतील, तर पाइपच्या पाण्याने धुवावेत. मऊ थर पाण्याच्या जोराने निघून जातो. चिकटलेला थर प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने हलकेच सुटला तर पाहावा. स्क्रूड्रायव्हर, पत्रा किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये, कारण लेपावर पडलेला ओरखडा भरून येत नाही.

एवढ्यानेही थर निघाला नाही, तरच ॲसिडकडे वळावे. बाजारातील ३० टक्क्यांच्या आसपासच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १ भाग ४ भाग पाण्यात मिसळावा. आधी पाणी घ्यावे आणि त्यात ॲसिड ओतावे; उलट केल्यास ॲसिड उसळून अंगावर येते. हातमोजे आणि चष्मा घालून हे काम उघड्यावर करावे; पंपरूममध्ये, विशेषतः द्रव क्लोरिनच्या कॅनजवळ, करू नये, कारण ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो. फरशी धुण्याचे रंगीत ॲसिडही वापरू नये. सेल उभा धरून त्याचे खालचे तोंड बंद करावे, मिश्रण प्लेटा बुडतील एवढेच ओतावे आणि केबलची टोके कोरडी ठेवावीत. फेस येणे थांबले की क्षार विरघळले असे समजावे. यास बहुधा ५ ते १० मिनिटे लागतात. १५ मिनिटांपलीकडे सेल ॲसिडमध्ये ठेवू नये. नंतर भरपूर पाण्याने धुवावा.

काही एएमसी (वार्षिक देखभाल) करारांत 'दरमहा ॲसिड वॉश' ही सेवा म्हणून लिहिलेली असते. ती ओळ खोडून त्या जागी 'दरमहा तपासणी, थर असल्यासच ॲसिड' असे लिहून घ्यावे. स्वच्छ सेल ॲसिडमध्ये बुडवला की विरघळायला क्षार नसतात. ॲसिड थेट लेपावर आणि त्याच्या कडांवर काम करते. वर्षातून दोनदाहून अधिक वेळा ॲसिडची गरज पडत असेल, तर दोष पाण्याच्या संतुलनात आहे आणि उपाय तिसऱ्या पायरीत आहे.

आजचे बहुतेक सेल ठरावीक तासांनी धन-ऋण बाजू उलटवून थर स्वतः झटकून टाकतात. प्रत्येक अदलाबदलीत लेप थोडा झिजतो. कंट्रोलरमध्ये हा काळ बदलण्याची सोय असेल आणि पाणी मृदू असेल, तर तो वाढवावा. पाणी जड असेल, तर दिलेल्या मांडणीतच राहू द्यावा.

पावसाळा आणि हिवाळा

समजा, पूलची सरासरी खोली १.२ मीटर आहे आणि महिन्यात ३०० मिलिमीटर पाऊस पडून तेवढे पाणी ओसंडून गेले. पाणी नीट मिसळत राहिले असेल, तर ३,२०० पीपीएम मीठ सुमारे २,५०० वर येते. शहरात हे हळूहळू होते, पण मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला एखाद्या आठवड्यातच होऊ शकते. म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मीठ मोजावे, ते यंत्राच्या किमान मर्यादेखाली गेले तर सेल बंद ठेवून द्रव क्लोरिनवर चालवावे आणि पाऊस ओसरल्यावर एकदाच मीठ पुरे करावे. प्रत्येक सरीनंतर मीठ घालत बसणे म्हणजे ते नाल्यात सोडणे होय.

पाण्याची वीजवाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी घटते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड झाले की मीठ पुरेसे असूनही 'लो सॉल्ट'चा दिवा लागू शकतो. पाणी १५ अंशांजवळ गेल्यावर अनेक यंत्रे सेल आपोआप बंद करतात, आणि ते योग्यच आहे. थंडीत क्लोरिनची गरजही कमी असते. पूल दोन महिने बंद ठेवणार असाल, तर सेल काढून, धुऊन, वाळवून घरात ठेवावा; नळीत साचलेल्या पाण्यात तो तसाच सोडू नये.

नवा सेल मागवण्यापूर्वीची तपासणी

क्लोरिन मिळत नाही, एवढ्यावरून सेल मेला असे ठरवू नये. आधी मीठ, पाण्याचे तापमान आणि स्टॅबिलायझर मोजावे. स्टॅबिलायझर शून्य असेल, तर धडधाकट सेलने दिवसभर बनवलेले क्लोरिनही संध्याकाळी सापडत नाही. त्यानंतर प्लेटांवरचा थर पाहावा, केबलची टोके हिरवी किंवा काळी पडली आहेत का ते तपासावे, आणि फिल्टर तुंबून पाण्याचा प्रवाह कमी झाल्याने फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर सेल बंद ठेवणारा स्विच) सेलला चालूच देत नाही ना, याची खात्री करावी. हा स्विच तार जोडून बायपास करण्याचा प्रकार अत्यंत धोकादायक आहे; पाणी वाहत नसताना सेल चालला, तर नळीत हायड्रोजन साचतो आणि स्फोट होऊ शकतो.

पुढची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. कंट्रोलर १०० टक्क्यांवर लावून २० मिनिटे थांबावे. मग परतीच्या तोंडाशी (जेथून पाणी पूलमध्ये परत येते तेथे) येणारे पाणी आणि पूलच्या मध्यातील पाणी, दोन्हींतील क्लोरिन मोजावे. पंप ताशी १५,००० लिटर पाणी फिरवत असेल आणि सेल ताशी ३० ग्रॅमचा असेल, तर परतीच्या पाण्यात २ पीपीएम अधिक क्लोरिन दिसायला हवे. १ पीपीएमच दिसले, तर सेल निम्म्यावर आला आहे. काहीच फरक नसेल, तर सेल किंवा त्याला वीज पुरवणारे पॅनेल यांपैकी एक बंद आहे.

त्या दोहोंतला कोण, हे इलेक्ट्रिशियनकडून अँपिअर आणि व्होल्टेज मोजून घेतल्यावर कळते. मीठ आणि तापमान ठीक, प्लेटा स्वच्छ, व्होल्टेज वर चढलेले आणि अँपिअर खाली आलेले असतील, तर लेप संपला आहे. व्होल्टेजच येत नसेल, तर दोष फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा सर्किट बोर्डात आहे. वीज जाऊन जनरेटर सुरू होताना आणि पुन्हा महावितरणच्या पुरवठ्यावर येताना बसणाऱ्या झटक्यांनी बोर्ड जळतात, आणि त्याचा दोष निष्कारण सेलच्या माथी येतो. त्याच मॉडेलचा दुसरा चालू सेल तात्पुरता जोडून पाहता आला, तर शंका उरत नाही. डोळ्यांनी दिसणारी खूणही आहे: गडद लेपात, विशेषतः प्लेटांच्या कडांना, चंदेरी चट्टे दिसू लागणे. असे चट्टे मोठे झाल्यावर कोणतीही सफाई उपयोगी पडत नाही.

नवा सेल घेताना

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: ताशी किती ग्रॅम क्लोरिन, आयुष्य किती तासांचे, आणि वॉरंटी वर्षांवर आहे की तासांवर. जुन्या पॅनेलला वेगळ्या कंपनीचा सेल जोडायचा असेल, तर प्लेटांची संख्या, लागणारे व्होल्टेज आणि वीजप्रवाह जुळतात का, हे पॅनेलच्या निर्मात्याकडून विचारून घ्यावे. केवळ प्लग बसतो म्हणून जोडू नये. सेल फिल्टरच्या आणि हीटर असल्यास त्याच्याही पुढे, परतीच्या पाइपवर सर्वांत शेवटी बसवावा, आणि पॅनेलचे अर्थिंग व सर्ज संरक्षण त्याच वेळी तपासून घ्यावे. खरेदी शक्यतो ऑक्टोबरनंतर, पाऊस संपून मीठ पुरे केल्यावर करावी, म्हणजे नवा सेल पहिल्या दिवसापासून योग्य पाण्यात चालतो.

बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, १०० टक्क्यांवर चालू असताना, मीठ, पाण्याचे तापमान, व्होल्टेज, अँपिअर आणि परतीच्या तोंडाशी मिळणारे क्लोरिन मोजून हे पाच आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहावेत आणि ती चिठ्ठी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढे दर सहा महिन्यांनी, शक्य तेवढ्या त्याच तापमानाला आणि तेवढ्याच मिठाला, हीच मोजणी करून खाली दुसरी ओळ लिहावी. अँपिअर पहिल्या ओळीच्या तुलनेत पाव हिश्शाने उतरले की पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सेलची तरतूद करावी.